बहात्तरचा दुष्काळ, पाझर तलावाच्या भरावावर: एका तालुक्याच्या इतिहासलेखनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा एक अवर्षणप्रवण तालुका. तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक ग्रंथालय आहे. १९७२ च्या दुष्काळाला पन्नास वर्षं होत आली तेव्हा ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळानं त्या दुष्काळाचा तालुक्यापुरता इतिहास लिहून काढायचं ठरवलं. पुढं जे घडलं त्याची ही नोंद. गावाचं, तलावाचं, माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

१९७० पासूनच पाऊस हुलकावणी देत होता. १९७२ च्या पावसाळ्यानं तर पाठच फिरवली. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव. राज्यभर लाखो माणसं या कामांवर होती आणि त्यांत बायकांची संख्या फार मोठी होती. रेशनवर मिलो मिळायचा, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा आहार, वाटली जायची. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात राज्यभर बळ मिळालं. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला, आणि २००५ मध्ये देशानं केलेल्या रोजगार हमी कायद्यामागं महाराष्ट्राचा हा अनुभव होता. एवढी मोठी गोष्ट या तालुक्यातल्या माळावर, टोपलं-कुदळ घेऊन घडली होती. शाळेच्या पुस्तकात मात्र तिच्या वाट्याला जेमतेम काही ओळी. यात पाठ्यपुस्तकाची चूक नाही. त्याला सगळं राज्य, सगळा देश आणि परीक्षा सांभाळायची असते. एका तालुक्यातल्या एका तलावाला तिथं जागा मिळणारच नाही. ती जागा दुसऱ्या कुणीतरी करायची असते.

काम करणाऱ्या गटात ग्रंथपाल, इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक, माध्यमिक शाळेतल्या एक बाई, नववीतली काही मुलंमुली आणि दुष्काळी कामांवर मिस्त्री म्हणून राहिलेले एक वृद्ध गृहस्थ होते.

अडचण

पहिला विचार अर्थातच स्मरणिकेचा झाला. आराखडाही तयार झाला: मान्यवरांचे शुभसंदेश, तालुक्याची भौगोलिक माहिती, पर्जन्यमानाचा तक्ता, शासनाच्या उपाययोजना, तेव्हाच्या लोकप्रतिनिधींचे परिचय, शेवटी जाहिराती. निवृत्त सरांनी लेखांची यादी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली. तेव्हा ग्रंथपाल एवढंच म्हणाले, की यात खडी फोडलेलं माणूस एकही नाही.

ते खरंच होतं, आणि कुणी वाईट हेतूनं केलेलं नव्हतं. स्मरणिकेत लिहायला लिहिता येणारं माणूस लागतं. ज्यांनी तलाव बांधला त्यांतल्या बऱ्याच जणींना सहीसुद्धा येत नव्हती. लेख मागवायचे म्हटलं की इतिहास आपोआप कारकून, शिक्षक, पुढारी यांच्या हातात जातो. ज्यांनी माती वाहिली त्या बायका फोटोखालच्या ‘दुष्काळी कामावरील मजूर’ या ओळीत उरतात. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. इतिहास कोणत्या रूपात मांडायचा, हा प्रश्न आपण सजावटीचा समजतो, पण कोण बोलणार हे त्या रूपावरच ठरत असतं.

दुसरी अडचण वेळेची होती. बहात्तरला ऐन पंचविशीत असलेली माणसं आता पंचाहत्तरीत होती. कागद थांबू शकले असते, माणसं थांबणार नव्हती.

कोणते पर्याय होते

मंडळात तीन-चार बैठका वादात गेल्या. स्मरणिका नको, तर मग काय?

तरुण मंडळींना माहितीपट हवा होता. बाहेरून व्हिडिओवाला आणायचा, चाळीसेक मिनिटांची फिल्म करायची, तालुक्याच्या ठिकाणी मोठा पडदा लावून दाखवायची. खर्च मोठा होताच, पण त्यापेक्षा महत्त्वाचा आक्षेप शाळेतल्या बाईंनी घेतला. फिल्म एकदा कापून जोडली की तिच्यात दुरुस्ती होत नाही, आणि अजून निम्मी माहिती यायची आहे.

एका सभासदांनी पोवाड्याचा आग्रह धरला. त्यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. मराठीत इतिहास फक्त पुस्तकात कधीच नव्हता. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासानं पोवाडा रचला, बखरी लिहिल्या गेल्या, १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला तोच मुळी आधी सांगितल्या गेलेल्या इतिहासाला उत्तर म्हणून. जात्यावरच्या ओव्या हे तर बायकांनी स्वतः राखलेलं दफ्तर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकारानं लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या नसत्या, तर खेड्यातल्या बाईच्या मनात काय चाललं होतं याचा केवढा तरी पुरावा तिच्याबरोबरच गेला असता. तरीही पोवाडा बाजूला ठेवला गेला, आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. पोवाड्याला नायक लागतो, रण लागतं. दुष्काळाला नायक नसतो. पोवाडा लिहायला घेतला असता तर दोन-तीन कडव्यांत कुणीतरी मुख्यमंत्री, कुणीतरी आमदार घोड्यावर चढला असता आणि आपण पुन्हा शुभसंदेशांच्या पानावर आलो असतो.

तोडगा निघाला तो मिस्त्रीकाकांमुळं. बैठकीत बसून सांगताना ते अडखळत होते, म्हणून मुलांनी त्यांना तलावावर नेलं. भरावावर पाय ठेवताच ते बोलते झाले. माती कुठून आणली, चौकड्या, म्हणजे माती खणून झालेले चौकोनी खड्डे, कुठं पडल्या होत्या, सांडव्याचा, म्हणजे तलावातलं जादा पाणी वाहून जायच्या वाटेचा, दगड कोणत्या खाणीतला, मजुरांची पोरं कोणत्या झाडाला बांधलेल्या झोळ्यांत निजायची, सगळं हात करून दाखवू लागले. तिथंच ठरलं, की इतिहास तलावावरच सांगायचा. भरावावरून चालत जायचं, ठरलेल्या थांब्यांवर थांबायचं आणि प्रत्येक थांब्यावर त्या जागेवर राबलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा. जोडीला शाळाशाळांत नेता येईल असं घडीचं प्रदर्शन आणि एक बारीक पुस्तिका.

काय केलं

मुलाखतींची सुरुवात फसली. पहिल्या काही रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न आजीला विचारलेला ऐकू येतो आणि उत्तर मुलगा देतो. ओसरीवर खुर्च्या मांडल्या, चहा आला, घरातले कर्ते पुरुष येऊन बसले, की आजी पदर सावरून गप्प. बाईंनी मग पद्धत बदलली. पुरुष मंडळी रानात गेली की दुपारी फक्त मुलींना घेऊन जायचं, खुर्ची न मागता जमिनीवर बसायचं आणि पहिला प्रश्न दुष्काळाचा न विचारता कामाचा विचारायचा: खडी कशी फोडायची? एका आजींनी उठून अंगणातला दगड घेतला आणि जुन्या टायरचा तुकडा त्याभोवती कसा धरायचा ते करून दाखवलं, म्हणजे कपची डोळ्यात उडत नाही. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, भरायला किती दिवस लागायचे, मोजमाप घेणारा आला की ढीग कसा सारखा करायचा, पगार उशिरा झाला की दुकानदाराकडं काय गहाण पडायचं, हे सगळं ओघानं येत गेलं. दुष्काळ कसा होता, असं थेट विचारलं असतं तर ‘लई हाल झाले’ या तीन शब्दांपलीकडं काही मिळालं नसतं.

आठवणींना कागदाची जोड हवी, हा आग्रह निवृत्त सरांचा. तहसील कचेरीत त्या वेळचे हजेरीपट मिळाले नाहीत. पण शाळेतलं जनरल रजिस्टर होतं. मुख्याध्यापकांनी पाहू दिलं, अट एवढीच, की कुणाचं नाव बाहेर जाता कामा नये. शेऱ्याच्या रकान्यात एकाखाली एक ‘सतत गैरहजर’, ‘सतत गैरहजर’, आणि त्यात तिसरी-चौथीतल्या मुली जास्त. त्या पानाची मोठी प्रत काढून, नावं, जाती, जन्मतारखा शाईनं झाकून ती प्रदर्शनात लावली. मला हे प्रदर्शनातलं सगळ्यात बोलकं पान वाटतं. नववीतली मुलं त्यासमोर बराच वेळ उभी राहत, कारण रजिस्टर काय असतं ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची स्वतःची नावं तशाच रकान्यांत होती.

दुसरा फलक साधा होता: आजच्या एका नोकरदाराची पगारपत्रिका, नाव झाकलेली. तिच्यात व्यवसाय कराची ओळ अधोरेखित केलेली, महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. हा कर राज्यानं १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शेजारी फोडलेल्या खडीचा ढीग. शहरातल्या पगारातून दर महिन्याला कापली जाणारी रक्कम आणि माळावरचा हातोडा यांचा संबंध सांगायला पाठ्यपुस्तकाला एक अख्खा धडा लागला असता. इथं दोन वस्तू शेजारी ठेवल्या आणि काम झालं.

थांब्यांवर क्यूआर कोड लावायची कल्पना आधी सगळ्यांना आवडली होती. चाचणीच्या दिवशी लक्षात आलं, की भरावाच्या पलीकडच्या टोकाला नेटवर्क नाही आणि ज्यांच्या आठवणी आहेत त्यांतल्या बहुतेकांकडं स्मार्टफोनही नाही. मग एका विद्यार्थ्याच्या खांद्यावर छोटा स्पीकर आला आणि आवाज सगळ्यांनी मिळून ऐकायचा असं ठरलं. योगायोगानं हेच चांगलं झालं. कानात बोंडं घालून एकेकट्यानं ऐकलं असतं, तर ऐकता ऐकता ‘नाही, सांडवा नंतर झाला’ असं कुणी मध्येच म्हणालं नसतं.

आठवण आणि नोंद जुळत नाही तेव्हा

बऱ्याच जणांनी छातीठोकपणे सांगितलं, की गाजर गवत बहात्तरच्या मिलोबरोबर आलं. पण वनस्पतिशास्त्राच्या नोंदी सांगतात, की हे गवत पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यातच आढळलं होतं. सरांचं मत, चुकीची माहिती मुलांपर्यंत जाऊ नये, ते वाक्य कापा. बाईंचं मत, आजोबांना आपण खोटं पाडायला गेलो नव्हतो, तसंच ठेवा.

इथं इटलीतलं एक उदाहरण उपयोगी पडलं. तेर्नी या पोलादाच्या गावात १९४९ मध्ये लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं मेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना मात्र अनेक कामगारांनी ती घटना १९५३ ची, कारखान्यातल्या कामगारकपातीच्या वेळची म्हणून सांगितली. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही आणि खरीही मानली नाही. लोकांनी त्या मरणाला आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या झगड्याशेजारी नेऊन ठेवलं, हेच त्यांनी दाखवून दिलं.

गाजर गवताचंही तसंच केलं गेलं. आवाज तसाच ठेवला, लगेच खाली पुण्यातली नोंद लिहिली, आणि या दोन्हींचा मेळ कसा बसू शकेल हा प्रश्न मुलांपुढं टाकला. पुण्यात आधी आलेलं गवत या माळावर पसरायला वेळ लागला असेल, म्हणजे आजोबांनी ते पहिल्यांदा बहात्तरनंतर पाहिलं असणं शक्य आहे. शिवाय परक्या धान्यावर जगावं लागलं ही बोच त्या गवताला चिकटली असेल. यापुढं प्रत्येक फलकाखाली ‘हे आम्हाला कशावरून कळलं’ अशी एक चौकट आली: कुणी सांगितलं, कोणता कागद पाहिला, काय जुळत नाही. नवी रूपं आकर्षक असतात, म्हणूनच त्यांना पुराव्याचा हिशेब जास्त काटेकोर ठेवावा लागतो. पुस्तकाला निदान तळटीप असते. आवाज ऐकून भारावलेला माणूस तळटीप मागत नाही.

रांजणांचा प्रश्न

सगळ्यात अवघड वळण वेगळंच होतं. एका दलित आजींनी सांगितलं, की कामावर पाण्याचे रांजण दोन होते. त्यांच्या वस्तीच्या लोकांना वरच्या रांजणाला हात लावायची मुभा नव्हती. ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, आणि ओतणारा जेवायला गेला की तहान मारून बसायचं.

मंडळात यावर कडाक्याचा वाद झाला. एका गटाचं म्हणणं, पन्नासावं वर्ष हे सगळ्यांनी मिळून संकट कसं पेललं ते सांगण्यासाठी आहे. जुनी जखम उकरून गावात आज तेढ का वाढवायची? सर म्हणाले, हे गाळायचं असेल तर याला इतिहास म्हणू नका, गौरवग्रंथ म्हणा. तिसरी सूचना आली, की ‘त्या काळी जातिभेद होता’ असं एक वाक्य पुस्तिकेत घालावं. ही सूचना सगळ्यात समंजस दिसत होती, पण माझ्या दृष्टीनं तीच सगळ्यात घातक. अशा वाक्यात कुणी तहानलेलं नसतं आणि कुणी पाणी अडवलेलं नसतं.

ग्रंथपालांनी प्रश्न आजींकडं परत नेला. त्यांचं बोलणं शब्दशः उतरवून त्यांना वाचून दाखवलं, वस्तीतल्या दोन बायकांसमोर, घाई न करता. आवाज राहू दे, असं त्या म्हणाल्या. आपलं नाव नको, आणि पाणी ओतणाऱ्याचंही नको, त्याची नातवंडं याच शाळेत आहेत. मग गटानं इतरांकडं चौकशी केली. सवर्ण घरांतल्या दोघांनी दोन रांजण होते हे मान्य केलं, एकानं तसं काही नव्हतं असं सांगितलं. तिन्ही म्हणणी चौकटीत आली. थांबा ठेवला गेला.

याची किंमत मोजावी लागली. पुस्तिकेच्या छपाईचा खर्च देणाऱ्या गृहस्थांनी हात आखडता घेतला. एका कुटुंबानं दिलेला फोटो परत नेला. एका गावानं प्रदर्शन बोलावलं, पण तो एक फलक घडी करून ठेवा म्हणाले. गटानं प्रदर्शन लावायचं तर पूर्ण, नाहीतर नाही, असं कळवलं आणि ते प्रदर्शन त्या गावी गेलंच नाही. तत्त्व म्हणून हे योग्य झालं, पण त्या गावच्या मुलांनी रजिस्टरचं पानही पाहिलं नाही, याची हळहळ राहते.

काय हाती आलं

भरावावरच्या फेऱ्या सुरू झाल्या तसा इतिहास वाढत गेला. थांब्याजवळ एक वही ठेवली होती, ज्याला वेगळं आठवतं त्यानं लिहावं किंवा मुलांकडून लिहून घ्यावं. त्या वहीमुळं एका मुकादमाच्या घरच्यांनी त्याची जुनी हिशेबाची डायरी आणून दिली. सरकारी हजेरीपट नव्हते, पण डायरीत कामावरच्या टोळ्या, गैरहजेऱ्या, सुकडीचं वाटप सगळं होतं. तिच्यावरून सांडवा भरावाच्या नंतरच्या हंगामात झाला हे पक्कं झालं आणि फलक बदलला. छापील स्मरणिका असती तर ती चूक कायमची राहिली असती.

शाळेत जाणवलेला फरक बाईंनी सांगितला. मुलं आता इतर धड्यांतही ‘हे कशावरून?’ असं विचारू लागली. त्यामुळं तास लांबतात आणि अभ्यासक्रम मागं पडतो, अशी एका सहशिक्षकांची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पाठ्यपुस्तकाची सरळ वाट आणि ही रेंगाळणारी पद्धत एकाच तासिकेत बसवणं सोपं नाही. क्रम, राज्याचं चित्र, कायद्यांची सालं यांसाठी गटालाही पुन्हा पुस्तकाकडंच यावं लागलं. पुस्तक नको, असं या प्रकरणात कुणीच म्हणत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

संमती एकदाच, मुलाखतीआधी घेतली गेली. आपण काय बोलणार आहोत हे त्या वेळी बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रांजणांच्या वेळी जे केलं, म्हणजे उतरवलेलं वाचून दाखवून पुन्हा विचारणं, ते प्रत्येकाच्या बाबतीत करायला हवं होतं. मुली आणि बाईंनी मुलाखती घेण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून असती तर सुरुवातीच्या काही आज्यांचे आवाज वाया गेले नसते. त्यांतल्या दोघी दुसऱ्या भेटीआधीच वारल्या. रांजणांचा थांबा जाहीर करण्याआधी गावोगावच्या जाणत्या माणसांना एकत्र बसवून तो ऐकवला असता, तर विरोध मावळला नसता, पण निदान लोकांना तो थांबा फलकावरून कळण्याऐवजी समोरासमोर कळला असता. पैशाची जुळणीही एकाच देणगीदारावर सोपवायला नको होती.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. रेकॉर्डिंग ग्रंथालयाच्या संगणकावर आणि दोन वेगळ्या ठिकाणच्या हार्ड डिस्कवर आहेत, पण त्यांची मालकी कुणाची, हे लेखी ठरलेलं नाही. वारलेल्या एका आजोबांच्या मुलानं त्यांची मुलाखत पुसून टाका असं पत्र दिलं आहे. नातीचं म्हणणं आहे, की आजोबांचा आवाज तेवढाच उरलाय, ठेवा. ग्रंथालयानं तूर्त ती मुलाखत फेरीतून काढली आहे, पुसलेली नाही, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत यासाठी नियम करायचा ठराव मांडला आहे.